पोती मोजली, पाठी राहिल्या

पाच रुपयांचे ते जुने जाडजूड नाणे ज्यांनी खिशात बाळगले असेल, त्यांना त्याचा जडपणा आठवत असेल. १९९२ साली ते आले. एक नाणे नऊ ग्रॅमचे. पँटच्या खिशांना भोके पाडण्याबद्दल त्याची ख्याती होती. नऊ ग्रॅम म्हणजे तसे काहीच नाही. पण दोन हजार नाणी एका पिशवीत भरली की त्यांचे अठरा किलो होतात. हा साधा गुणाकार मला १९९४ च्या पावसाळ्यात, बँकेच्या स्ट्राँगरूममध्ये, माझ्या कमरेने शिकवला.

स्ट्राँगरूमचा कारभार दोन किल्ल्यांचा असतो. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. आत जायचे ते या दोघांनीच. एरवी टेबलावरची फाइल कपाटात ठेवायलाही ज्याला हाक मारायची सवय, त्या शिपायाला तिथे मज्जाव. आमचे कॅशियर निवृत्तीला टेकलेले, त्यात हर्नियाचे ऑपरेशन झालेले. मी पस्तिशीचा. मी म्हटले, ‘‘थांबा, मी काढतो.’’ पिशवी अगदी खालच्या फळीवर, आणि तिच्यापुढे जुन्या व्हाउचर्सची पेटी. ती पेटी बाजूला सरकवायचा कंटाळा केला, हीच काय ती चूक. पेटीवरून वाकून, हात लांब करून पिशवी ओढली आणि तशीच, कॅशियरांशी बोलता बोलता वळून, मागच्या टेबलावर ठेवली. काहीही झाले नाही. संध्याकाळी सही करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी दात घासायला वाकलो आणि कमरेत कोणीतरी तापलेली सळई फिरवावी तसे झाले. हातातला ब्रश ठेवता येईना आणि धरताही येईना. बायकोने आणि शेजाऱ्यांनी मिळून मला पलंगापर्यंत नेले.

डॉक्टरांनी फळीवर तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. त्या काळी तसेच सांगत. त्या तीन आठवड्यांत मी छताचे पोपडे पाठ केले, आणि पाच वर्षांत ज्याची एकदाही आठवण काढली नव्हती, असा एक माणूस मला रोज आठवू लागला. तो एका हमालांच्या टोळीचा मुकादम होता. त्याची कंबर धरली, त्या दिवशी त्याच्यासमोर हातात पेन्सिल घेऊन उभा असलेला माणूस मी होतो.

ही हकीकत १९८९ ची. सांगली जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी माझी बदली झाली होती. व्यापाऱ्याने माल बँकेच्या कुलपात ठेवायचा आणि त्याच्या तारणावर कर्ज उचलायचे, असा व्यवहार तेव्हा जोरात होता. बँकेचा अधिकारी अधूनमधून गोदामात जाऊन पोती मोजायचा. आता थप्पीची मोजणी म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. पण बँकेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला वडीलधारे एक गोष्ट हमखास सांगत: कुठल्यातरी गावी थप्पीच्या बाहेरच्या बाजूला तेवढी हरभऱ्याची पोती होती, आतल्यांत भुसा निघाला आणि अधिकारी घरी गेला. ही गोष्ट कुठल्या गावची, ते प्रत्येक वेळी बदलत असे. पण भीती खरी होती. आमचे इन्स्पेक्शन दोन दिवसांवर आलेले. मी तिशीचा, नियमावर बोट ठेवून चालणारा. एका खातेदाराच्या चारशे पोत्यांच्या थप्पीविषयी मला शंका आली आणि मी सांगितले, थप्पी उलगडा.

वैशाख. पत्र्याचे गोदाम. पोती शंभर किलोंची. दहा जणांची टोळी. सकाळी अकराला काम सुरू झाले. एकेक पोते खाली येई, मी त्यात बांबू मारून दाणे बघे, रजिस्टरवर रेघ ओढी आणि पोते पलीकडच्या भिंतीशी जाई. तिथून सगळी परत आणून पुन्हा थर लावायचे, कारण पलीकडची जागा दुसऱ्या खातेदाराची. रात्री आठला शेवटचे पोते लागले. चारशेच्या चारशे पोती चोख हरभऱ्याची निघाली. मी समाधानाने रजिस्टरवर सही केली. हमालीचा खर्च व्यापाऱ्याच्या खात्यावर नावे टाकला.

फळीवर पडल्या पडल्या मी तो हिशोब पुन्हा मांडला. चारशे पोती म्हणजे चाळीस टन. काढायची आणि पुन्हा लावायची म्हणजे ऐंशी टन. दहा माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ टन. मी अठरा किलो उचलले होते, तेही एकदाच.

त्या दुपारी चहा आला तेव्हा मी मुकादमाला कौतुकाने विचारले होते, ‘‘एवढे शंभर किलो उचलता कसे हो?’’ पन्नाशीचा माणूस. अंगाने किरकोळ, माझ्याहून खांदाभर बुटका. बशीतला चहा संपवून तो म्हणाला, ‘‘सायेब, वझं उचलायचं नसतंय, घ्यायचं असतंय.’’

मी हसलो होतो. लेखक असल्यामुळे वाक्य आवडले, टिपूनही ठेवले. पण ती काही शब्दांची गंमत नव्हती. त्याच्या धंद्यातले यंत्रशास्त्र त्याने पाच शब्दांत सांगितले होते. हमाल कसा काम करतो ते कधी उभे राहून बघा. जमिनीवरचे पोते तो एकटा कधीही उचलत नाही. थप्पीवरचे पोते वरचे दोघे कडेला ओढतात. तो त्याला पाठ लावून किंचित वाकतो, आणि पोते त्याच्या पाठीवर आणि मानेच्या मुळाशी येऊन बसते. मग गुडघे किंचित मुडपलेले, पावले छोटी, जवळजवळ दुडक्या चालीने तो निघतो. उतरवतानाही तेच. खांद्याच्या उंचीला माल घ्यायचा आणि शक्यतो त्याच उंचीला द्यायचा. ओझे सतत अंगाला चिकटलेले. ते अंगापासून वीतभरही सुटत नाही.

वीतभर सुटले तर काय होते, ते बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. आपला कणा म्हणजे तराजूची दांडी नव्हे, तिच्या मधला टेकू. पुढच्या बाजूला ओझे, मागच्या बाजूला पाठीचे स्नायू. पण या तराजूची दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. मागचे स्नायू टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर आहेत. समजा, वीस किलोंची वस्तू तुम्ही कण्यापासून पंचवीस सेंटिमीटरवर, म्हणजे पोटाशी धरली, तर तोल सांभाळायला स्नायूंना पाचपट, शंभर किलोंचा जोर लावावा लागतो. तीच वस्तू हात लांब करून पन्नास सेंटिमीटरवर धरली, की दोनशे किलोंचा. वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन आणखी वेगळे. आणि हा सगळा जोर शेवटी येतो तो कण्याच्या तळाशी असलेल्या मणक्यांवर आणि त्यांच्या मधल्या चकत्यांवर. या चकत्यांची रचना बाहेरून चिवट धाग्यांचे वेटोळे आणि आत मऊ गर, अशी असते. सरळ दाब त्या पुष्कळ सोसतात. पण वाकलेल्या अवस्थेत दाब आला आणि त्याच वेळी कमरेला पीळ बसला, की ते वेटोळे मागच्या बाजूने उसवू लागते. बहुतेकांचे दुखणे खालच्या शेवटच्या दोन चकत्यांपाशीच का असते, ते यावरून कळते. मी स्ट्राँगरूममध्ये या तिन्ही गोष्टी एकदम केल्या होत्या: लांब धरले, वाकून धरले आणि वळलो. ती पेटी हातभर सरकवली असती तर कमरेवरचा भार निम्मा झाला असता.

स्वीडनमध्ये आल्फ नॅकेमसन नावाचे एक अस्थिशल्यविशारद होऊन गेले. १९६० च्या दशकात त्यांनी जिवंत माणसांच्या कमरेतल्या चकतीत दाबमापक सुई घालून, कुठल्या अवस्थेत किती दाब येतो हे मोजले. सुया टोचून घेणाऱ्या त्या स्वयंसेवकांना माझा नमस्कार. आडवे पडल्यावर दाब सर्वांत कमी, उभे राहिल्यावर जास्त, आणि हातात ओझे घेऊन पुढे वाकल्यावर कित्येक पट, असे त्यांना आढळले. यात आश्चर्य नाही. त्यांच्या मापनात नुसते बसल्यावरचा दाबही उभे राहण्यापेक्षा जास्त निघाला, हे मात्र वाचून आम्ही खुर्चीवाले चपापलो. पुढच्या संशोधकांच्या मोजमापांत हा फरक तेवढा ठळक दिसला नाही, पण ओझे घेऊन वाकण्याविषयीचा निष्कर्ष टिकला.

मग पाठ सांभाळायची कशी? कारखान्यांच्या भिंतींवर, इस्पितळांच्या व्हरांड्यांत एक चित्र लावलेले असते. डावीकडे कमरेत वाकून खोके उचलणारा माणूस, त्यावर लाल फुली. उजवीकडे गुडघे मुडपून, पाठ ताठ ठेवून उचलणारा माणूस, त्यावर हिरवी बरोबरची खूण. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. खोके दोन गुडघ्यांच्या मध्ये मावणारे असेल तर गुडघे वाकवण्याचा फायदा. ते रुंद असेल तर गुडघेच त्याला पुढे ढकलतात, ओझे अंगापासून लांब जाते आणि ताठ पाठीचा फायदा तिथेच संपतो. शिवाय पासष्टीच्या माणसाला उकिडवे बसून उठायला सांगणे म्हणजे कमरेचे कर्ज गुडघ्यांच्या खात्यावर टाकणे. म्हणून पहिला विचार ओझ्याच्या जवळ जाण्याचा करावा. पाय त्याच्या दोन्ही बाजूंना, एक किंचित पुढे. ओझे आधी कडेला ओढून घ्यावे, अंगाशी भिडवावे, मग उठावे. वळायचे झाले तर पावले टाकून, अख्खे अंग वळवून, कमरेतून नव्हे. आणि उठण्याआधी ते कुठे टेकवायचे ती जागा मोकळी आहे ना, हे बघून ठेवावे. ओझे हातात घेऊन ‘‘अगं, हे कुठे ठेवू?’’ असे ओरडणारे नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत. मीही त्यांपैकी एक.

पण हे चित्र लावले, प्रशिक्षण दिले, म्हणजे पाठदुखी टळते का? या प्रश्नाचे उत्तर मला नोकरीत असताना मिळाले नाही, निवृत्तीनंतरच्या वाचनात मिळाले. २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी तोवर झालेल्या पाहण्यांचा एकत्र आढावा घेतला. ओझे कसे उचलावे हे कामगारांना शिकवल्याने पाठदुखी टळते, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. कमरेला बांधायच्या पट्ट्यांचेही तसेच. धडधाकट कामगाराची पाठ या पट्ट्याने सुरक्षित राहते याला आधार नाही, असे अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९४ सालीच सांगून टाकले होते. त्याच वर्षी मी पट्टा विकत घेतला होता. तो अजून माळ्यावर आहे.

शिकवूनही असे का होत असावे? माझे उत्तर संशोधकाचे नाही, गोदामात पोती मोजलेल्या माणसाचे आहे. त्या मुकादमाला कोणी काय शिकवायचे? ओझे घेण्याची कला त्याच्याइतकी मला जन्मात जमली नसती. थप्पीचे वरचे थर त्याने आणि त्याच्या माणसांनी त्या कलेने हलवले. पण थप्पी खाली खाली येत गेली. पोती कमरेच्या, मग गुडघ्याच्या, मग जमिनीच्या उंचीला आली. आता घ्यायचे काही उरले नव्हते, उचलायचेच होते. दोघांनी वाकून आकड्यांनी ओढून पोते वर करायचे, तिसऱ्याने पाठ द्यायची. संध्याकाळचे सहा वाजलेले. अंगातली ताकद संपलेली. आणि साहेब घड्याळात बघत उभे. त्या वेळी कला कुठे कामी येणार? पोते शंभर किलोंचे असावे हे त्याने ठरवले नव्हते. थप्पी आजच्या आज उलगडायची हेही त्याने ठरवले नव्हते. ते मी ठरवले होते. इन्स्पेक्शनला दोन दिवस होते. निम्मी आज आणि निम्मी उद्या सकाळी, असे सांगायला मला काहीच हरकत नव्हती. मला ते सुचलेच नाही.

अमेरिकेच्या त्याच संस्थेने १९९१ साली ओझ्याचे एक सूत्र सुधारून मांडले. ओझे अंगाजवळ आहे, कमरेच्या उंचीला आहे, पकड चांगली आहे, वळायचे नाही आणि वारंवार उचलायचे नाही, अशी सगळी अनुकूलता असेल तर मर्यादा २३ किलो. यातले एकेक बिघडत जाईल तसा आकडा खाली आणायचा. शंभर किलोंच्या पोत्यापुढे हे २३ किलो वाचले की हसावे की रडावे कळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली माणसाने वाहायच्या ओझ्याविषयी करार केला, तेव्हा सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा घातली होती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमात, इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कोणाला उचलायला लावू नये, असे लिहिले होते. पण बाजारातला हमाल कारखान्यात नव्हता. तो कोणाचाच नोकर नव्हता. आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. मालक म्हणून बोट दाखवायला माणूसच नाही.

ती उणीव महाराष्ट्राने ओळखली, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभे केले, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली. १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी द्यायचे, अशी व्यवस्था आली. ज्याचा कोणी मालक नव्हता, त्याच्या नावाने निदान एक खाते उघडले गेले. बँकवाल्याला खाते उघडण्याचे मोल कळते. पण कायद्याने हमालाला पुस्तकात आणले तरी पोते शंभर किलोंचेच राहिले. ते खाली यायला आणखी पुष्कळ वर्षे गेली. सिमेंटची गोणी पूर्वीपासून ५० किलोंची. धान्याचे, साखरेचे पोते मागाहून हळूहळू ५० वर आले. पन्नासच्या वरची गोणी उचलणार नाही, हे माथाडींनी बाजार बंद ठेवून अनेकदा सांगितले. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात हा वाद गेल्या काही वर्षांतही पेटला होता. वर्तमानपत्रात अशी बातमी आली, की आपण भाजी महागणार म्हणून चुकचुकतो. ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याचे पोट पाठीवरच चालते, त्याने काय म्हणायचे, याचा म्हण करणाऱ्याने विचार केलेला दिसत नाही.

घरात आपण सगळेच कोणा ना कोणाचे साहेब असतो, म्हणून घराचेही बोलतो. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर घ्या. आत १४.२ किलो गॅस आणि तेवढ्याच वजनाचे किंवा थोडे अधिक लोखंड. म्हणजे तीस किलोंच्या आसपास. तो उचलायचा नसतोच. किंचित तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत नेला, की लहान चणीची बाईसुद्धा ओट्याखाली लावते. पाण्याचा वीस लिटरचा जार बाटलीवर उलटा करायच्या भानगडीत न पडता खाली पंप बसवावा. दळणाचा डबा, तांदळाची पिंपे जमिनीवर आणि हलकी चादरी-अभ्रे कमरेच्या उंचीच्या फळीवर, अशी आपल्या घरांची उफराटी मांडणी असते. ती एकदा उलटी करावी. जड ते कमरेपाशी, हलके ते खाली आणि वर.

पहाटेच्या पाण्याविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. रात्रभर आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून टपोऱ्या झालेल्या असतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. या फुगलेल्या अवस्थेत वाकले, की चकतीवरचा ताण एरवीपेक्षा बराच वाढतो. उठल्यावरचा पहिला तास वाकण्याला सर्वांत वाईट. माझी कंबर बेसिनपाशीच का अडकली, ते मला हे वाचल्यावर उमगले. आणि आपल्याकडे पाणी कधी येते? पहाटे पाचला. चाळीत, वस्तीत, गावाच्या नळावर बायका अंथरुणातून उठतात त्या थेट बादल्यांवर वाकतात. पंधरा लिटरची भरलेली कळशी नळाखालून ओढून, वळून, कमरेवर घ्यायची. हे अर्धा तास. पाणी किती वाजता सोडायचे हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर कण्याचे चित्र नसते. बादल्या अर्ध्या भराव्यात, एका हातात एक मोठी नेण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन लहान न्याव्यात, हे सांगता येते. पण नळ वीस मिनिटांत जाणार असेल तर अर्धी बादली कोण भरेल?

गावाकडे डोक्यावर हंडा घेणारी बाई मुकादमाचेच शास्त्र पाळते. ओझे कण्याच्या बरोबर वर, पुढे नाही, मागे नाही. चालताना तिला त्रास कमी. धोका तो हंडा डोक्यावर चढवताना. म्हणून ती थांबते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, ‘‘जरा हात लावता का?’’ अनोळखी माणूसही हात लावून पुढे जातो. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. शहरात आल्यावर आपण हे विसरलो. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझ्या बायकोने त्यांना दोन महिने एकटीने उठवले-बसवले. मी शाखेत. आजारी माणूस पोत्यासारखा अंगाला भिडत नाही, निसटतो, मध्येच घाबरून गळ्याला मिठी मारतो. त्यांच्याखाली आडवी चादर घालून दोघांनी मिळून सरकवावे, उचलू नये, हे आम्हाला नंतर एका परिचारिकेने दाखवले. तोवर तिची कंबर गेली होती. माझ्या दुखण्याला रजा होती, वैद्यकीय बिल होते. तिच्या दुखण्याला शेकण्याची पिशवी.

कंबर धरलीच तर काय, हेही सांगितले पाहिजे, कारण माझ्या वेळचा सल्ला आता पुसला गेला आहे. तीन आठवडे फळीवर पडणे हे औषध नाही. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, झोपून राहिलेल्यांपेक्षा सोसवेल तेवढी रोजची हालचाल चालू ठेवणारे लवकर बरे झाले. माझ्या दुखण्यानंतर एकच वर्षाने; मी माझे तीन आठवडे परत मागू शकत नाही. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले किंवा पाठदुखीबरोबर ताप असला, तर मसाज, बाम, गावठी हाडवैद्य यात एक दिवसही न घालवता इस्पितळ गाठावे.

बाम म्हटले आणि पुन्हा तो मुकादम आठवला. त्या मोजणीनंतर तिसऱ्या दिवशी तो मार्केट यार्डाच्या कट्ट्यावर एका कुशीवर कलून बसलेला दिसला. मी स्कूटर थांबवली. ‘‘काय मुकादम, आज आराम?’’

‘‘कंबर धरलीया सायेब.’’

‘‘बाम लावा,’’ मी म्हणालो, आणि स्कूटर चालू केली.

त्याची कंबर त्या एका दिवसाने गेली, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तीस वर्षांची पोती तिच्यावर होती. माझी चारशे शेवटची. त्याने तसे कधी सुचवलेही नाही. पुढे माझी बदली होईपर्यंत वर्षभर तो यार्डात दिसायचा, पण पाठीवर पोते पुन्हा दिसले नाही. टोळीने त्याला सोडले नाही. गाडीच्या फाळक्यापाशी खडू घेऊन तो उभा राही आणि पाच-पाच पोत्यांच्या रेघा ओढी. मी गोदामात गेलो की माझी मोजणी आणि त्याची मोजणी आम्ही पडताळून बघत असू. त्याची कधी चुकली नाही. माझी दोनदा चुकली.

गेल्या वर्षी आम्ही घर बदलले. पुस्तके फार. सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, मोठ्या खोक्यांत पंचवीस-तीस नग होतील. मी हट्टाने लहान खोकी मागवली. एकेका खोक्यात वीसच पुस्तके, दहा किलोंच्या आत. त्र्याऐंशी खोकी झाली. पैसे खोक्यांवर होते, त्यामुळे बिल वाढले. बायको म्हणाली, ‘‘निवृत्त झाल्यावर अक्कल आली.’’ हलवायच्या दिवशी मी दारात वही घेऊन उभा राहिलो. मुले विशी-बाविशीची. तीन मजले, लिफ्ट बंद. पहिल्या मुलाने एक खोके उचलले, त्यावर दुसरे ठेवले, मग तिसरे. हनुवटीने वरचे दाबून धरले आणि जिन्याकडे वळला.

मी म्हटले, ‘‘अरे, एकेकच ने. मुद्दाम लहान केली आहेत.’’

‘‘काका, दुपारी दोनला दुसरी गाडी आहे,’’ तो खोक्यांच्या आडून म्हणाला आणि उतरू लागला.

मी वहीत तीन रेघा ओढल्या. मग वही जिन्याच्या कठड्यावर ठेवून खाली त्यांच्या सुपरवायझरला फोन लावला.